पोटखराबा

आमच्या घरात एक व्हिडिओ कॅसेट आहे. तिच्या पाठीवर निळ्या शाईनं 'महाभारत' लिहिलेलं आहे, ते कुणीतरी लाल शाईनं खोडलेलं आहे, आणि खोडल्यावर दुसरं काही लिहायचं राहून गेलेलं आहे. आत महाभारत नाही. आत आत्याचं लग्न आहे, १९९१ च्या उन्हाळ्यातलं. बाहेर नाव एकाचं आणि आत मुक्काम दुसऱ्याचा, याचं आमच्या जिल्ह्यात कुणाला फारसं नवल वाटत नाही. नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की डोंगरमाथ्यावर जी आठ कोनांची, तीन मजली दगडी इमारत दिसते, तिला शाळेच्या सहलीतल्या पोरांपासून काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात. आत कबर आहे ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची. तो बिचारा चारशेहून अधिक वर्षं दुसऱ्याच्या पत्त्यावर राहतो आहे आणि त्याची एका शब्दानं तक्रार नाही. खुद्द शहराचंही तसंच. अहमदनगर होतं, २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. पण एसटीत बसलेला माणूस कंडक्टरला तेव्हाही 'नगर एक' म्हणायचा आणि आजही 'नगर एक'च म्हणतो. नावाची कड कापून उरलेलं तेवढं ठेवायची आमची सवय जुनी आहे. कडा कापण्याचा हा विषय पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच त्याला पाट देऊन बसवून ठेवतो.

कॅसेट सापडली ती गावाकडच्या माळवदाच्या घरात, पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्या आणि खताच्या पावत्यांच्या सोबतीत. कोकणातल्या एका मित्राच्या घरच्या कॅसेटींना म्हणे पांढरी बुरशी धरली आणि त्याच्या मुंजीवर कायमचा पाऊस पडला. आमच्या पाथर्डीकडे हवेला ओल ठाऊकच नाही. सह्याद्रीनं अडवून उरलेले ढग आमच्यावरून नुसते चौकशी करून पुढे जातात. आयुष्यभर ज्या दुष्काळाला शिव्या दिल्या, त्यानं आमची एवढी एकच वस्तू जपून ठेवली, हे मान्य करताना अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जरा जड गेलं. अर्धा इंच रुंदीची ती तपकिरी फीत, तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटीत अडीचशे मीटरच्या आसपास भरते. म्हणजे आमच्या घरापासून विहिरीपर्यंत जाऊन थोडी परत फिरेल एवढी. या अडीचशे मीटरवर हळद, चुडा, अक्षता, पंगत आणि पाठवणी गुंडाळून ठेवली होती, आणि ती उलगडायला यंत्र नव्हतं. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनंही २०१६ च्या जुलैमध्ये हात टेकले. शेवटी नगरच्या माळीवाड्यातल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी पोटमाळ्यावरून एक व्हीसीआर काढून दिला. त्याचं झाकण उघडून, कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये बुडवून, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत औषध घालावं तशा हळुवारपणे त्यांनी त्याचं हेड पुसलं. म्हणाले, "चालंल. फक्त लई वेळ मागं-पुढं करू नका त्याला. या वयात झेपत नाही." ते यंत्राविषयी बोलत होते, असं मी धरून चाललो.

व्हीसीआरची वायर एका छोट्या डबीतून संगणकाला जोडली आणि लग्न संगणकात उतरू लागलं. पहिल्या पाच मिनिटांतच मनात काहीतरी खुपलं. नवरा मुलगा ओळखीचा, पण जरा सुकलेला. करवल्या ओढलेल्या. मांडवाचे बांबू गरजेपेक्षा उंच. सगळं वऱ्हाड नुकतंच टायफॉइडमधून उठून लग्नाला आल्यासारखं. म्हटलं, मोठ्या पडद्यावर लावून बघू. अण्णांनी मागच्या दिवाळीत पंचावन्न इंची टीव्ही घेतला होता, त्याला फाइल जोडली, आणि काय सांगू, त्याच क्षणी सगळ्यांच्या अंगावर मांस चढलं. नवऱ्या मुलाचे गाल गरगरीत झाले, भटजी घागरीसारखे दिसू लागले, आणि सनईवाल्याची सनई तोंडात मावणार नाही एवढी रुंद झाली. आत्या त्या वेळी बावीस वर्षांची, उसाच्या कांडीसारखी सडसडीत होती. टीव्हीवर ती तिच्या आत्ताच्या वयाची दिसत होती.

यात एक हिशेब आहे, आणि तो आण्यांत सांगितला तर लगेच समजतो. जुन्या टीव्हीचं चित्र चारास तीन या प्रमाणातलं. म्हणजे रुंदी बारा, तर उंची नऊ. नव्या टीव्हीचा पडदा सोळास नऊ. उंची तीच ठेवून हा पडदा बारा आण्यांच्या माणसाला ओढून सोळा आणे करतो. आणि संगणकात उतरलेलं चित्र ७२० ठिपके रुंद आणि ५७६ ओळी उंच, म्हणजे पाचास चार. त्याच मापानं पाहिलं तर सव्वाअकरा आणे. इकडे पाऊण आणा कमी, तिकडे चार आणे जास्त. आमच्या जिल्ह्यात हे दोन्ही प्रकार नकाशावरच दाखवता येतात. दक्षिणेला आम्ही, पाथर्डी, जामखेड, कर्जत; जानेवारी सरला की टँकरची वाट बघणारे. उत्तरेला प्रवरेचे, गोदावरीचे कालवे, १९५० साली लोणीत उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना, हिरवागार ऊस. संगणकावर अख्खं लग्न दक्षिण नगरमधलं दिसत होतं आणि टीव्हीवर अख्खं लग्न उत्तर नगरमधलं. मजा अशी, की खरं लग्न अगदी तसंच होतं: मुलगी दक्षिणेतली आणि वऱ्हाड राहात्याकडचं. मला फक्त दोघांच्या मधलं, अजून वाटणी न झालेलं नगर हवं होतं.

हे चारास तीन आलं कुठून, म्हणून शोधायला बसलो आणि आत्याच्या मांडवातून थेट एडिसनच्या कारखान्यात पोहोचलो. तिथे विल्यम डिक्सन नावाच्या माणसानं १८९० च्या सुमारास फिल्मच्या पट्टीवर चार-चार भोकांच्या अंतरानं एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच चित्र बसवलं. का, तर बसलं म्हणून. शिंपी जसा आहे त्या कापडात सदरा बसवतो, तसं. पण तो सदरा जगाला इतका अंगासरसा झाला, की दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये त्याच आकारात हरिश्चंद्राला राज्यावरून उतरवलं, पुढे टीव्हीनंही तोच आकार घेतला, आणि आमच्या आत्याच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्याही त्याच चौकटीत. डिक्सनला आपण पाथर्डी तालुक्यातल्या एका मांडवाचं माप काढून ठेवतो आहोत, याची कल्पना नसणार. बोलपट आले तेव्हा आवाजाच्या पट्टीसाठी हा आकार एवढासा हलला. 'संत तुकाराम' १९३६ चा, तो साधारण त्याच घडणीतला. परवा कुणाच्या तरी घरी भिंतभर टीव्हीवर तो चालू होता, ओढून बसवलेला. विष्णुपंत पागनिसांची ती उपाशी, निर्मोही मूर्ती बघतो तर चांगली खात्यापित्या घरची झालेली. दुकानाचं दिवाळं निघालेला माणूस असा दिसत नाही हो. इंद्रायणीसुद्धा दोन्ही थड्या भरून वाहत होती, बहुधा धरणातून पाणी सोडल्यासारखी.

पण मूळ कोडं सुटलं नव्हतं. चित्र चारास तीन आहे, तर संगणकात ते पाचास चार का उतरतं? उत्तर असं, की ठिपके चौरस नाहीत. १९८२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे दिल्लीतल्या एशियाडच्या निमित्तानं टीव्ही रंगीत झाला त्याच वर्षी, तिकडे टीव्हीचं चित्र आकड्यांत कसं मोजायचं याचा ठराव झाला. अमेरिकेच्या टीव्हीत ५२५ ओळी, युरोपच्या आणि आपल्या टीव्हीत ६२५, त्यातल्या चित्राच्या ५७६. दोघांनाही चालेल अशी एकच मोजपट्टी हवी होती, म्हणून ओळ कुणाचीही असो, तिच्यावर ठिपके ७२० च टाकायचे असं ठरलं. चांगल्या तडजोडीत होतं तेच झालं: दोघांनाही मापाचा सदरा मिळाला नाही. अमेरिकेचा ठिपका उभट झाला, आपला आडवा. संगणक मात्र प्रत्येक ठिपका चौरसच धरतो आणि आपल्या लोकांना रोडावून टाकतो.

आता ठिपका किती आडवा? इथे तज्ज्ञांचे दोन पंथ आहेत, आणि त्यांचं भांडण ऐकताना मला आमच्या तलाठ्याची आठवण झाली. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून एक रकाना असतो. गट आपल्याच मालकीचा, पण त्यातला जो तुकडा लागवडीला येत नाही, खडक, ओघळ, नाल्याची कड, तो पोटखराबा. क्षेत्र मोजताना तो धरायचा. पीक मोजताना सोडायचा. तसंच या ७२० ठिपक्यांचं. खरं चित्र मधल्या सातशेदोन-सातशेचार ठिपक्यांत असतं. दोन्ही कडांना आठ-आठ, नऊ-नऊ ठिपक्यांची काळी ओघळ. एक पंथ म्हणतो, अख्ख्या ७२० ला चारास तीन माना. दुसरा म्हणतो, पोटखराबा वजा करा आणि उरलेल्याला माना. दोघांच्या हिशेबात सगळं चित्र धरून सोळा ते अठरा ठिपक्यांचा फरक पडतो. म्हणजे आत्याच्या चेहऱ्यावर फार तर दोन ठिपके. पण ज्या मातीत मलिक अंबरानं जमिनीची मोजणी करून सारा ठरवला, त्या मातीतला माणूस दोन ठिपके सोडून कसा देईल? आमच्याकडे बांधावरच्या एका बाभळीसाठी तीन पिढ्या कोर्टात जातात.

अण्णांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्यांचा आक्षेप वेगळाच होता. मी चित्र चारास तीनमध्ये बसवून दाखवलं तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरल्या. अण्णा बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एवढं रान पडीक का ठेवलंस?" मी म्हटलं, मूळ चित्रच तेवढं आहे. म्हणाले, "आपण पैसे पंचावन्न इंचाचे दिलेत." चित्र ओढून बसवणं म्हणजे शेजाऱ्याचा बांध कोरण्यासारखं आहे, हे मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू बांध कोरण्यात काही चूक असते हे त्यांना आजच कळलं. मग तडजोड म्हणून तिसरा उपाय केला: चित्र ओढायचं नाही, मोठं करून पडदा भरायचा आणि वरचं-खालचं जास्तीचं जाऊ द्यायचं. जास्तीचं म्हणजे उंचीचा चौथा हिस्सा. तर वरून फेट्यांचे तुरे गेले आणि खालून पाय गेले. लग्नाच्या व्हिडिओत निम्मा वेळ पाया पडण्याचा असतो. आता नवरा-नवरी जोडीनं वाकत होती, पडद्याच्या खालच्या कडेत बुडी मारत होती आणि पुन्हा वर येत होती. कुणाच्या पायांशी, ते शेवटपर्यंत कळत नव्हतं. अण्णा म्हणाले, "हे नको. पाय दिसले पाहिजेत." पट्ट्यांचा वाद तिथे तहकूब झाला.

ही कॅसेट आम्ही लहानपणी किती वेळा पाहिली असेल! गावात व्हीसीआर नव्हता. तो तालुक्याहून भाड्यानं यायचा, रंगीत टीव्हीसकट, टेम्पोत गोधडीवर निजवून. एका रात्रीच्या भाड्यात तीन पिक्चर बसायचे. आमच्याकडे दोन पिक्चर आणि मध्ये आत्याचं लग्न असायचं. अंगणात तरटावर अख्खी आळी बसायची. पिक्चरपेक्षा लग्नालाच गर्दी जास्त, कारण पिक्चरमध्ये ओळखीचं कुणी नसायचं. शूटिंगवाला वऱ्हाडाबरोबर उत्तरेकडून आला होता, त्यामुळे त्याला माणसं ओळखीची होती ती तिकडची. त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा धरलेला एक पोरगा फिरायचा. तो ज्याच्यावर दिवा रोखायचा तो माणूस जेवताजेवता थांबायचा, घास हातात धरून कॅमेऱ्याकडे बघायचा आणि दिवा पुढे सरकला की पुन्हा जिवंत व्हायचा. अख्ख्या पंगतीत अंधाराच्या आणि उजेडाच्या लाटा फिरायच्या. आणि दर वेळी पाठवणी झाली, कॅसेट संपून पडद्यावर मुंग्या आल्या, की माहेरी आलेली आत्या एकच वाक्य बोलायची: "एवढ्या कॅसेटीत बाई कुठंच नाही."

बाई म्हणजे माझी आजी. आम्ही सगळे तिला बाईच म्हणायचो. लग्नाचे तीन दिवस ती माजघर आणि चुलवणाच्या मध्ये होती, आणि शूटिंगवाला तिकडे फिरकला नव्हता. तिचा फोटोही एकच, मतदार ओळखपत्रावरचा. ती गेल्यावर तो मोठा करून आणला, तर स्टुडिओवाल्यानं भक्तिभावानं तिला गुलाबी शालू नेसवला आणि मागे कारंजं ठेवलं. बाई आयुष्यात कधी न नेसलेल्या शालूत, कधी न पाहिलेल्या कारंज्यासमोर, वीस वर्षं भिंतीवर जरा संकोचून बसलेली आहे.

तर प्रमाणाचा प्रश्न. यावर तज्ज्ञांचा एक जुना, साधा उपाय आहे: चित्रात एखादी खात्रीची गोल वस्तू शोधा. ती गोल दिसली तर बाकी सगळं बरोबर. लहानपणी दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी रंगीत पट्ट्यांमध्ये एक मोठं वर्तुळ दिसायचं आणि आम्ही पोरं त्याच्यासमोर पिक्चरसारखी बसायचो. ती टीव्हीची रांगोळी असते अशी माझी समजूत होती. आता कळलं, ती सोनाराच्या दुकानातल्या कसोटीसारखी होती. वर्तुळ वर्तुळ राहिलं तर माणसं माणसांसारखी दिसतील. मग मी आत्याच्या लग्नात वर्तुळ शोधायला निघालो. लग्नात गोल वस्तूंना काय तोटा, असं वाटलं होतं. पण भाकरी बघायला जावं तर ती तव्यावर तिरपी. कपाळावरची कुंकवं अंगठ्यानं ओढलेली, प्रत्येकाचं आपापल्या नशिबाच्या आकाराचं. भिंतीवरचं घड्याळ खालून टिपलेलं, म्हणून लिंबासारखं. परात एका बाजूनं चेपलेली. हलगी गोल असते, पण हलगीवाला एका जागी ठरला तर तो हलगीवाला कसला. हलगी हलली की तिच्या कडेला फणीसारखे दात येत. कारण टीव्हीचं चित्र एकदम येत नाही, आधी एकाआड एक ओळी येतात आणि मग उरलेल्या. पंगतीत वाढपी एकेक पान सोडून बुंदी वाढत जावा आणि दुसऱ्यानं मागून येऊन राहिलेली पानं भरावीत, तसं. पहिला गेल्यानंतर आणि दुसरा येण्याआधी कुणी जागा बदलली, की घोटाळा झालाच.

चौथ्या दिवशी कासार सापडला. चुडा भरण्याचा प्रसंग. ओसरीवर आत्या बसलेली, तिचा हात कासाराच्या मांडीवरच्या फडक्यावर, शेजारी हिरव्या बांगड्यांच्या माळा. कासार एक बांगडी सुटी करतो, नखानं टिचकी मारून तिचा आवाज ऐकतो आणि मग तडा आहे का हे बघायला ती उजेडासमोर, म्हणजे हॅलोजनसमोर, म्हणजे नेमकी कॅमेऱ्यासमोर धरतो. एक डोळा मिटून तो तिच्यातून आरपार बघतो. एक सेकंद. पंचवीस चित्रं. मी तिथेच लग्न थांबवलं. हिरव्या कड्यातून कासाराचा एक डोळा माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. तो तडा शोधत होता, मी गोलाई. बांगडीचं माप मला नको होतं. दोन-चार असो की दोन-सहा, ती गोल आहे एवढं पुरे. उंची मोजली: ९६ ठिपके. रुंदी मोजली. पहिल्या पंथाचं खरं असेल तर ती ९० भरायला हवी होती, दुसऱ्याचं खरं असेल तर ८८. एकदा मोजली, ८९ भरली. दुसऱ्यांदा ९१. तिसऱ्यांदा ८७. व्हीएचएसच्या फितीत रंगाची कड अशी पसरते, की जुन्या हिरव्या गोंदणासारखी ती नक्की कुठे संपते ते सांगता येत नाही. आणि त्यावर कडी म्हणजे काचेची बांगडीही पुरती गोल नसतेच. आगीवर जिथे तिची दोन टोकं जुळवतात, तिथे जोडापाशी ती जराशी दबलेली असते. जगातले तज्ज्ञ ज्या दोन ठिपक्यांवरून भांडतात, ते दोन ठिपके आमच्या बांगडीच्या जोडात विरघळून गेले. मी पाटी कोरी केली आणि ७६८ बाय ५७६ वर शिक्का मारला. बारा आणे. माणसं माणसांसारखी दिसू लागली.

आता शेवटचं काम राहिलं, कडा साफ करायचं. चित्राच्या तळाला चार-सहा ओळी उसवलेल्या होत्या, लुगड्याच्या पदराच्या दशा सुटाव्यात तशा. व्हीएचएसमध्ये त्या असतातच. डावी-उजवीकडे तो काळा पोटखराबा. जुन्या टीव्हीवर यातलं काहीच दिसायचं नाही, कारण जुना टीव्ही चित्र आपल्या चौकटीपेक्षा मोठं काढायचा आणि चारी बाजूंचा थोडाथोडा भाग लाकडी काठाआड झाकून टाकायचा. तीस-तीस, चाळीस-चाळीस ठिपके अंगणातल्या कुणाला कधी दिसलेच नाहीत. म्हटलं, आपणही तेवढंच ठेवू जेवढं तेव्हा दिसायचं. कासाराचंच चित्र समोर थांबलेलं होतं. उजवी कड कापली, तळ कापला, आणि डाव्या कडेची रेघ आत ओढायला घेतली. रेघ काळ्या ओघळीवरून सरकली, ओसरीच्या भिंतीवर आली, आणि तिच्याखाली काहीतरी झाकलं गेल्यासारखं वाटलं. रेघ मागे घेतली.

माजघराचं दार होतं. दाराच्या चौकटीवर एक हात टेकलेला, पिठानं माखलेला. डोक्यावरून घेतलेला पदर, अर्धं कपाळ, एक डोळा. कपाळावर मेणावर लावलेलं ते रुपयाएवढं कुंकू. त्यातलं अर्धं चित्रात, अर्धं पोटखराब्यात. हॅलोजनचा उजेड तिथे पोहोचता-पोहोचता दमला होता. चुलीपुढून उठून, लेकीच्या हातात चुडा भरताना बघायला बाई दारापर्यंत आली होती, आणि दाराच्या बाहेर आली नव्हती. इतका वेळ मी ह्याच चित्राच्या मध्यावर डोळे लावून बांगडी मोजत होतो. अर्ध्या वर्तुळावरूनही पुऱ्या वर्तुळाचं माप निघतं, हे शाळेतल्या भूमितीत शिकलेलं होतं. मी ते काढलं नाही.

भाऊबीजेला आत्या आली. ओवाळणं झालं, फराळ झाला, आणि मी लग्न लावलं; कडा न कापता, उसवलेल्या दशांसकट, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून. कुणाला आधी काही सांगितलं नव्हतं. हळद झाली. चुडा आला. कासारानं टिचकी मारली, बांगडी उजेडात धरली. आत्याचं लक्ष आपल्या जुन्या हाताकडे होतं. ती स्वतःच्या मनगटावरून बोट फिरवत होती. मग तिची नजर हळूहळू डावीकडे सरकली. मी घरात कापणीची रेघ ओढून शोधलेलं तिला नुसत्या नजरेनं सापडलं. ती अण्णांना म्हणाली, "दादा, बाई बघ."

अण्णा चष्मा पुसून पुढे सरकले. पट्टी काळी होती, दार काळं होतं, आणि दोन्हींची कड एकमेकींत अशी मिसळली होती, की पट्टी पट्टी राहिलीच नव्हती; ती आमच्या माजघराचा अंधार झाली होती. बाई त्या अंधारातून येऊन उंबऱ्याशी थांबली होती. कुणी काही बोललं नाही. भिंतीवरच्या कारंज्यासमोरची बाई तेवढी नेहमीसारखी संकोचून बसली होती. कासारानं बांगडी खाली घेतली, आत्याचा हात दाबून मऊ केला आणि पहिली बांगडी चढवली. दारातला पिठाचा हात एवढासा हलला.

"मागं घे," आत्या म्हणाली. घेतलं. पुन्हा म्हणाली, पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा मागे घेताना माझ्या धाकट्यानं रिमोट ओढला. पट्ट्या बघितल्या की त्याला राहवत नाही. पडदा भरायचं बटण त्याला झोपेतही सापडतं. त्याचं बोट बटणावर जायच्या आत अण्णांनी त्याचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "बाई आत जाईल."